त्यांच्याकडे लायसन्स होतं

आमच्या बर्मिंगहॅमच्या मंडळात कुणी नवीन आलं, की चहाच्या वेळी त्याला आमच्या घरमालकांची गोष्ट ऐकवली जाते. ऐंशी ओलांडलेला एक मराठी म्हातारा फ्रिजएवढ्या गाडीत बसून, लायसन्स नसताना, शहरभर हिंडायचा आणि पोलिसानं अडवलं तर त्यालाही गुंडाळायचा. ऐकणारा हसतो, सांगणाराही हसतो. गोष्ट प्रेमानं सांगितली जाते, त्यात कुचकेपणा नसतो. फक्त ती खोटी आहे आणि ती मी तयार केलेली आहे.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे 'काहीतरी हलकंफुलकं' मागितलं होतं. मंडळात मी नकला करणारा म्हणून प्रसिद्ध आहे, त्यामुळे त्यांची अपेक्षा चुकीची नव्हती. पण माझं वय आता अठ्ठ्याहत्तर आहे, आणि पुढच्या अंकापर्यंत थांबावं असं मला वाटत नाही.

तसे ते माझे घरमालक होते एकच हिवाळा. त्यांचा नियमच तसा होता. देशातून नवीन आलेल्या माणसालाच ते खोली द्यायचे, आणि दुसरी थंडी लागायच्या आत त्यानं स्वतःची सोय करायची. "पहिल्या थंडीत माणसाला घर लागतं," ते म्हणायचे. "दुसऱ्या थंडीत तो इथला होतो. मग माझ्याकडे राहून काय करणार? माझ्या बायकोच्या आमटीची सवय लागेल, आणि लग्न झाल्यावर भांडणं होतील." मी पुढे पन्नास वर्षं त्यांना घरमालकच म्हणत राहिलो. त्यांच्या बायकोला वहिनी.

हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळून मी आलो, तेव्हा मला स्टेशनवरून घ्यायला ते साइडकारवाली मोटारसायकल घेऊन आले होते. मला साइडकारमध्ये बसवलं, मांडीवर माझी ट्रंक दिली, आणि म्हणाले, "डोकं आत ठेव, बाकी सगळं दिसेल." मी इंग्लंड पहिल्यांदा पाहिलं ते जमिनीपासून हातभर उंचीवरून. बसची चाकं, बायकांचे बूट, कुत्री. घरी पोचेपर्यंत माझं नाक थंडीनं बधिर झालं होतं. वहिनींनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "अहो, भावजींना मागे तरी बसवायचं. त्यात मी बसते म्हणून सगळ्यांनाच आवडतं असं नाही."

"मागे बसणारा माणूस घाबरला की मला धरतो," घरमालक म्हणाले. "साइडकारमधला स्वतःलाच धरतो."

त्या हिवाळ्यात त्यांनी मला बर्फावरून चालायला शिकवलं. बदकासारखं, पाय फाकवून, वजन पुढच्या पायावर. हे ते भर रस्त्यात, कोट आणि टाय घातलेला असताना करून दाखवायचे. एका इंजिनिअरिंग कंपनीत ते नकाशे काढायचे. घरातल्या प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली होती आणि रस्त्यावरचा प्रत्येक नियम त्यांना पाठ होता. मोकळ्या रस्त्यावर, चिटपाखरू नसताना, लाल दिव्यापाशी ते असे उभे राहायचे जणू समोरून मिरवणूक जाते आहे.

आणि तरीही हा माणूस मोटारीच्या परीक्षेत नापास व्हायचा. एकदा नाही, अनेकदा. कारण नेहमी एकच: विनाकारण थांबणे. त्यातली एक परीक्षा वहिनी फार छान सांगायच्या. क्रॉसिंगपाशी दोन बायका उभ्या होत्या. घरमालक थांबले. बायका काही ओलांडेनात. त्या गप्पा मारत होत्या. घरमालक थांबूनच. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले. शेजारी बसलेल्या परीक्षकानं शेवटी विचारलं, तुम्ही कशाची वाट बघताय? घरमालक म्हणाले, त्यांचं बोलणं संपलं की त्या निघतील.

मोटारसायकलच्या परीक्षेला मात्र ते पहिल्या फटक्यात पास झाले होते. त्या काळी मोटारसायकलचा परीक्षक मागे बसत नसे. तो फुटपाथवर उभा राहायचा, उमेदवार आजूबाजूच्या रस्त्यांना वळसा घालून यायचा, मध्येच परीक्षक पुढे होऊन हात करायचा आणि उमेदवारानं ब्रेक मारायचा. "माझं काय होतं," ते मला म्हणाले होते, "शेजारी बसून कुणी मला तोलायला लागलं, की मला वाटतं, याला तरी दिसू दे मी किती सांभाळून चालवतो. मग मी फारच सांभाळतो." शेवटी त्यांनी मोटारीचा नाद सोडला. वहिनी साइडकारमध्ये बसायच्या, खाली, भाजीच्या पिशव्यांबरोबर. त्यांनी कधी तोललं नाही.

घरमालकांची एक गोष्ट मला तेव्हा विचित्र वाटायची, आता वाटत नाही. शेजारच्या गृहस्थांच्या नव्या मोटारीला सकाळी पोचा पडलेला दिसला. त्यांना वाटलं, साइडकार लागली. त्यांनी येऊन विचारलं. घरमालक म्हणाले, "मी नाही." गृहस्थांना पटलं नाही. ते बोलेनासे झाले. वहिनी म्हणाल्या, "अहो, बोलवा त्यांना, दाखवा, आपल्या साइडकारला ओरखडासुद्धा नाही."

"त्यांनी विचारलं, मी सांगितलं. सिद्ध कशाला करायचं? सिद्ध कोर्टात करतात. शेजाऱ्याला सांगतात."

गृहस्थ पुढच्या उन्हाळ्यापर्यंत अबोला धरून राहिले. मग एके दिवशी दूधवाल्यानंच कबूल केलं. इथं तेव्हा पहाटे विजेवर चालणारी दुधाची गाडी यायची, सायकलच्या वेगानं, बाटल्या किणकिणत. ती मागे घेताना लागली होती. गृहस्थ वाइनची बाटली घेऊन माफी मागायला आले. घरमालक पीत नव्हते. त्यांनी त्यांना चहा दिला आणि दुधाच्या गाडीबद्दल अर्धा तास सांगितलं: कशी बिनआवाजी आहे, कशी कुणाला घाई करत नाही, माणसानं खरं म्हणजे अशाच गाडीतून हिंडावं. आपण खरे ठरलो याबद्दल एक शब्द नाही.

वहिनींना झटका आला तेव्हा घरमालकांनी ऐंशी ओलांडली होती. गुडघ्यांमुळे मोटारसायकल त्याआधीच विकली होती. वहिनींची उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, आणि हळूहळू माणसं ओळखणंही कमी झालं. त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाच्या नर्सिंग होममध्ये ठेवावं लागलं. तिथं त्या काहीच खाईनात. मॅश केलेला बटाटा पुढे आला की तोंड मिटून घ्यायच्या. घरमालक डब्यात मऊ वरणभात नेऊन भरवायचे तेव्हा खायच्या. त्यांच्याच हातून, दुपारच्या जेवणाच्या वेळी. शर्ली नावाची तिथली केअरर होती, ती घरमालकांना 'मिस्टर लंच' म्हणायची. ती म्हणाली, "ते आले की हिला कळतं दुपार झाली. नाही आले तर दिवसभर सकाळच."

जायला दोन बस. मधे सिटी सेंटरला उतरून, चढाचा रस्ता चालून, दुसऱ्या स्टॉपवर जायचं. रोज. एक बस चुकली की जेवणाची वेळ गेली.

एके दिवशी त्यांचा मला फोन. "उद्या मोकळा आहेस का? मला गाडी घ्यायचीय."

"लायसन्स?" मी विचारलं.

"मोटारसायकलचं आहे ना. त्यात एक छोटा वर्ग येतो. मोपेडचा. त्याच वर्गात एक चार चाकांची गाडी बसते. लाइट क्वाड्रिसायकल म्हणतात. वजनाला हलकी, वेग अठ्ठावीस मैलांच्या वर जात नाही. मोटारीची परीक्षा लागत नाही. मी सगळं वाचलंय."

दुकान शहराबाहेर होतं. तिथल्या पोरसवदा सेल्समननं आधी मलाच गिऱ्हाईक समजून हात पुढे केला. मग त्यानं आम्हाला दोन गाड्या दाखवल्या. एक जरा मोठी, दारं मजबूत, वेग बराच. दुसरी राखाडी, चौकोनी, पुढून-मागून सारखीच दिसणारी. स्टिअरिंग डावीकडे, कारण ती तिकडे फ्रान्सकडच्या रस्त्यांसाठी बनलेली. मी म्हणालो, "हा फ्रिज आहे. आडवा पाडून चाकं लावलीत." ते नाव तेव्हा मीच दिलं.

सेल्समननं मोठी गाडी खपवायचा प्रयत्न केला. घरमालकांनी शांतपणे विचारलं, ही हलक्या वर्गात येते का? तो आत जाऊन कुणाला तरी विचारून आला. नाही, ही जड वर्गातली, तुमचं लायसन्स हिला चालणार नाही. राखाडी चालेल. त्यानं घरमालकांचं लायसन्स बघितलं, कॉम्प्युटरवर पडताळलं, आणि म्हणाला, "यू आर फाइन, सर." हे सगळं माझ्यासमोर झालं. मी तिथं उभा होतो. हे नीट लक्षात ठेवा.

मग घरमालकांनी गाडीची परीक्षा घेतली. बॅटरी, चार्जिंग, हे विचारलं ते शेवटी. आधी पिशवीतून वहिनींचा पितळी डबा काढला, वरणानं भरलेला, आणि शेजारच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा बांधला. सेल्समनला म्हणाले, आता आवारात एक फेरी मारू दे. पण तू बसू नकोस. परत आल्यावर डबा उघडून पाहिला. सांडलं नव्हतं. "ही द्या," म्हणाले.

परत येताना माझ्या गाडीत मी विचारलं, "मोटारवे नाही, वेग नाही, पाऊस दारातून आत येईल. एवढे पैसे घालवण्यापेक्षा टॅक्सी परवडली असती."

"टॅक्सीवाला उशिरा आला तर मी त्याच्यावर चिडणार. चिडून भरवलेलं तिला गिळवत नाही." थोड्या वेळानं म्हणाले, "आवाज ऐकलास? अगदी दुधाच्या गाडीसारखा."

त्यानंतरची ती दोन वर्षं मला वाटतं त्यांची फार सुखाची गेली. मोठे रस्ते टाळून, वस्तीतल्या गल्ल्यांतून त्यांनी एक वाट शोधून काढली होती. कुठल्या झाडाखाली पानं साचून घसरतं, कुठल्या शाळेची मुलं कधी सुटतात, सगळं माहीत. मागे गाड्या साचल्या की पुढच्या बस-स्टॉपच्या मोकळ्या जागेत बाजूला व्हायचे आणि हात वर करून सगळ्यांना पुढे जाऊ द्यायचे. "जा बाबा, तू जा. तुला घाई आहे." ज्या सवयीनं त्यांना आयुष्यभर नापास केलं, तीच आता कामाला आली. पुढे पुढे त्या वाटेवरचे लोक त्यांना हात करायचे. बसवाले हॉर्न वाजवायचे, पण मजेनं.

आता माझं.

दिवाळीचा कार्यक्रम आमच्याकडे रविवारी दुपारी असतो, एका शाळेचा हॉल घेऊन. घरमालक यायचे नाहीत, ती वहिनींच्या जेवणाची वेळ. त्या वर्षी मी त्यांची नक्कल बसवली. दोन लहान मुलांच्या खुर्च्या, फ्रिजचा रिकामा खोका, एक डबा आणि त्याला बांधायला माझा टाय. गुडघे कानाला लावून मी बसलो तिथंच हॉल हसायला लागला. बस-स्टॉपला बाजूला होणं, हात वर करणं, "जा बाबा, तू जा", सगळं रंगलं. ते सगळं खरं होतं आणि लोक प्रेमानं हसत होते. मग मी पोलीस आणला. पोलीस विचारतो, लायसन्स दाखवा. आणि मी घरमालकांच्या आवाजात म्हणालो, "साहेब, फ्रिजला कुठं लायसन्स लागतं?"

हॉल कोसळला. तसं हसू मला त्याआधी मिळालं नव्हतं, नंतरही मिळालं नाही. हे वाक्य मला आयत्या वेळी सुचलेलं नव्हतं. मी ते आठवडाभर आधी लिहिलं होतं, आणि लिहिताना मला माहीत होतं की ते खरं नाही.

दुसऱ्या रांगेत त्यांची मुलगी अंजू बसली होती. जन्म इथलाच, ब्रॅकनेलला एका कंपनीत नोकरी, दिवाळीसाठी आलेली. सुरुवातीला तीही हसत होती. त्या वाक्याला तिचं हसू थांबलेलं मला स्टेजवरून दिसलं.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "काका, तुम्ही स्टेजवर बोललं ते ट्रू आहे? बाबांची लायसन्स नाही आहे?"

त्या क्षणी मला एवढंच म्हणायचं होतं, की अगं, गंमत होती ती. पण मग ती विचारणार, काका, माहीत असून तुम्ही असं चारशे लोकांपुढे कसं बोलला? मी म्हणालो, "मला नक्की सांगता येणार नाही बघ. मोटारीची परीक्षा ते पास झाले नव्हते, एवढं खरं. आणि वयही झालंय त्यांचं."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. असं बोलायला मला आयुष्यात कुणी शिकवलं नाही, ते येतंच.

अंजूनं वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "आहे." एवढंच. तिला पटलं नाही. काकांनाही खात्री नाही म्हणतात, आणि तुम्ही मोटारीची टेस्ट पास नाही ना झालात? नाही झालो, ते म्हणाले. तेही खरंच होतं. तिनं चावी घेतली आणि ब्रॅकनेलला घेऊन गेली. लायसन्सशिवाय कुठली विमा कंपनी विमा उतरवेल, एवढाही विचार कुणी केला नाही. तिला काळजी होती, आणि काळजीला कारण मिळालं होतं.

मला हे कळलं ते नोव्हेंबरात, बस-स्टॉपवर. गारा पडत होत्या, आणि घरमालक कोटाच्या आत डबा धरून उभे होते. मी गाडी थांबवून त्यांना आत घेतलं.

"फ्रिज कुठंय?"

"अंजूनं चावी नेली. तिला भीती वाटते."

का, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. मी म्हणालो, "जमेल तेव्हा मी सोडत जाईन तुम्हाला." आणि सोडलंही, आठवड्यातून दोनदा. अंजूला फोन करून चावी परत मिळवून देण्यापेक्षा लिफ्ट देणं सोपं होतं. लिफ्ट दिली की लोक आभार मानतात. मांडीवर डबा घेऊन ते माझ्या शेजारी बसायचे. मी पिवळ्या दिव्यातून गाडी काढायचो, तरी ते एका शब्दानं मला तोलायचे नाहीत.

पण बाकीचे दिवस बसचे. कधी वेळेवर, कधी तासभर उशिरा, कधी गुडघ्यांमुळे नाहीच. शर्लीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "जेवणाच्या वेळी ती दाराकडे बघत राहते. मग तोंड मिटते. नंतर ते आले तरी उघडत नाही." वहिनींच्या हातातली एकुलती एक बांगडी कोपरापर्यंत मागे सरकायला लागली. डॉक्टर म्हणाले, या आजारात असं होतंच. होत असेल. मला कधी ठरवता आलं नाही.

नाताळच्या आधी अंजू आईला भेटायला आली, त्या दिवशी घरमालकांना मीच आणलं होतं. तिनं आईकडे पाहिलं आणि पर्समधून चावी काढून वडिलांच्या हातात ठेवली. "लायसन्स नाही तर नाही, बाबा. फक्त स्लो चालवा."

"लायसन्स आहे," ते म्हणाले.

"ओके, बाबा," ती म्हणाली, लहान मुलाला म्हणतात तसं, आणि त्यांना मिठी मारली.

मी दारात उभा होतो. घरमालकांनी तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी कोट काढायला लागलो.

दोन-तीन दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. "आज तू माझ्या शेजारी बस."

"तुम्हाला शेजारी कुणी चालत नाही."

"नक्कल करतोस तर नीट बघून तरी घे."

म्हणजे त्यांना माहीत होतं. मंडळ ते, कुणीतरी व्हिडिओ पाठवला असणार. मी डबा मांडीवर घेऊन बसलो. दोन म्हातारे, गुडघ्याला गुडघा लावून, प्लॅस्टिकच्या त्या खोक्यात. एका क्रॉसिंगला एक बाई छत्री उघडायला थांबल्या होत्या. घरमालक थांबले. छत्री उघडली, बाई उलट दिशेला गेल्या. मग आम्ही निघालो.

वहिनी खिडकीपाशी खुर्चीत होत्या. घरमालकांनी वरणभात कालवला, चमचा पुढे नेला. तोंड बंद. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "अगं, हा माझी नक्कल फार छान करतो म्हणे. मी काही पाहिली नाही. दाखव रे."

मी म्हणालो, इथं नको.

"चारशे माणसांना दाखवलीस. आम्ही दोघंच आहोत."

मी खुर्चीवर बसलो. गुडघे वर घेतले. डब्याच्या झाकणाला मफलर बांधला. बस-स्टॉपला बाजूला झालो, हात वर केला, आणि त्यांच्या आवाजात म्हणालो, "जा बाबा, तू जा. तुला घाई आहे."

वहिनींच्या घशातून एक आवाज आला. त्यांची डावी बाजू चांगली होती, तिकडचा ओठ वर गेला. माझ्याकडे बघत होत्या, पण हसत होत्या त्या मला नव्हे, मी ज्याची नक्कल करत होतो त्याला. तोंड उघडलं होतं. घरमालकांनी हलकेच चमचा आत दिला. वहिनींनी घास गिळला.

"पुढे?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "पुढे पोलीस येतो ना?"

मी पोलीस झालो. लायसन्स मागितलं. मग घरमालक झालो, आणि म्हणालो, "आहे."

कुणी हसलं नाही.

"हं," घरमालक दुसरा चमचा भरत म्हणाले. "हे तितकं रंगत नाही रे."

"नाही."

"म्हणून बदललंस."

एखाद्या नकाशातली रेघ तपासावी तसं म्हणाले. राग नव्हता. राग असता तर मला बरं झालं असतं. "ते पहिलं कर पुन्हा," म्हणाले. "बाजूला व्हायचं."

मी पुन्हा केलं. त्या दिवशी वहिनींनी अर्धी वाटी खाल्ली. त्यानंतर मी रोज जात राहिलो, असं लिहायला मला आवडलं असतं. तीनचार वेळा गेलो. मग माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं, मग आणखी काही आलं. वहिनी वसंत ऋतू लागायच्या सुमाराला गेल्या. घरमालक त्यानंतरही काही दिवस त्याच वेळी डबा घेऊन तिकडे जायचे आणि शर्लीबरोबर बसून जेवून यायचे.

ते मागच्या वर्षी गेले. मंडळानं शोकसभा घेतली. एकजण उठला आणि डोळे पुसत त्यानं फ्रिजची गोष्ट सांगितली, पोलिसासकट. सगळे हसले. मग अंजू बोलली. "बाबा एवढे रूल फॉलो करायचे, आणि आईसाठी त्यांनी एक रूल तोडला. आय ॲम सो प्राउड ऑफ हिम." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

ज्या माणसानं गप्पा मारणाऱ्या बायकांसाठी रस्ता अडवून धरला, त्याच्या नावावर आम्ही कायदा मोडल्याचं कौतुक लावलं होतं. त्यानं तो मोडला नव्हता. बायकोपर्यंत पोचायचा कायद्यातला रस्ता त्यानं शोधून काढला होता, अरुंद आणि हळू, आणि त्यावरून तो रोज गेला होता.

अंजूला मराठी वाचता येत नाही. म्हणून अंकाकडे पाठवण्याआधी हे सगळं मी तिला काल फोनवर वाचून दाखवलं. इथपर्यंत.

मग म्हणाली, "काका, बाबांनी मला दोनदा सांगितलं होतं."

"हो."

"मला वाटलं बाबा खोटं बोलते."

"ते माझ्यामुळे वाटलं."

"तुमच्यामुळे पण." ती म्हणाली. "ती गाडी अजून आमच्या गॅरेजमध्ये आहे. कोणी आला की मी दाखवते, धिस इज माय डॅड्स इल्लीगल कार. सगळे हसतात. आता ती स्टोरी फनी नाही आहे, काका."

"नाही."

"पण आता ती बाबांची आहे," अंजू म्हणाली. "छापा तुम्ही."